एन-टू झाली, पण क्लायंटची मेल कळेना: औपचारिक जपानी शब्द पक्के कसे करावेत?

चिंचेचं पान

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका जपानी प्रकल्पावर काम करतो. जे.एल.पी.टी. या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पायरी झाली आहे (एन-वन सगळ्यात वरची), बोलताना फारसं अडत नाही. कॉलवर हवापाणी, जेवणखाण, बिल्ड कधी देणार, इथपर्यंत गाडी सुरळीत जाते. घोडं अडतं ते लेखी जपानीत. परवा एका बिघाडाच्या चौकशीची मेल आली. सुरुवातच अशी: 'हेइसो वा काकुबेत्सु नो गोकोहाइ ओ तामावारी, आत्सुकु ओनरेइ मोशिआगेमास'. त्यात 'वा', 'नो' आणि 'ओ' सोडले तर ओळखीचं कोणी भेटलं नाही. पुढे 'झान्तेइ ताइओ', 'कोक्यू ताइओ', 'योको तेन्काइ नो उमु' आणि शेवटी 'गोसाशू कुदासाइ'.

अ‍ॅपमध्ये टाकलं की अर्थ कळतो, प्रश्न तो नाही. उत्तर मला लिहायचं असतं, आणि माझं उत्तर त्या मेलशेजारी ठेवलं की शाळकरी पोराने लिहिल्यासारखं दिसतं. डिसेंबरात एन-वनला बसायचा विचार आहे. शब्दांच्या याद्या घोकतो, पण थोड्या दिवसांनी पाटी कोरी. इथे जपानीवाले बरेच आहेत म्हणून विचारतो: हे शब्द तुम्ही कसे पक्के केलेत?

(काहींच्या फोनवर कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या, जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून सगळं देवनागरीतच लिहितोय. आखूड 'ओ' आणि लांब 'ओ' यांतला फरक त्यात मरतो, तेवढं सांभाळून घ्या.)

कासवछाप

आधी परीक्षेचं बोलू. एन-वनला किती शब्द लागतात याचा अधिकृत आकडा आता नाही. जुन्या पद्धतीत 'इक्क्यू' (पहिली पायरी) होती तेव्हा साधारण १०,००० शब्द आणि २,००० कांजी असं प्रमाण सांगितलेलं असायचं. २०१० मध्ये परीक्षा बदलली आणि याद्या प्रसिद्ध करणं बंद झालं. बाजारातल्या 'एन-वनच्या शब्दयाद्या' जुन्या प्रमाणावरून आणि अंदाजाने बांधलेल्या असतात. त्या निरुपयोगी नाहीत, पण वेदवाक्यही नाहीत.

१८० पैकी १०० हवेत, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. लिहायचं नाही, बोलायचं नाही, दिलेल्या पर्यायांतला एक गोळा काळा करायचा. त्यामुळे डिसेंबरपर्यंत शब्द 'ओळखता' आला तरी पुरे. तिकडे जायचा विचार असेल तर उच्चकुशल व्हिसाच्या गुणांत एन-वनचे १५ मिळतात, एन-टूचे १०, आणि एकूण ७० लागतात. ५ गुणांसाठी लोक जिवाचं रान करतात ते उगीच नाही.

माझा सल्ला: आत्ता यादी घोटा, मेल नंतर.

ओतेमाची रिटर्न

कासवछाप यांच्याशी अर्धा सहमत. यादी घोटून परीक्षा सुटेल, मेल सुटणार नाही. आणि मेल सुटली तर परीक्षेचा शब्दविभाग बराचसा आपोआप सुटतो, हे उलट्या बाजूने कोणी सांगत नाही. तोक्योत बरीच वर्षं मध्यस्थ इंजिनिअर म्हणून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे जरा लांब लिहितो.

चिंचेचं पान, आधी तुमची मेल. पहिली ओळ म्हणजे 'आपली नेहमी विशेष कृपादृष्टी असते, त्याबद्दल अत्यंत आभारी आहोत'. रोजच्या कामाच्या मेलला हे कोणी लिहीत नाही, तिथे 'ओसेवा नि नात्ते ओरिमास' एवढं पुरतं. 'हेइसो वा' आलं याचा अर्थ पत्र कंपनीकडून कंपनीला आहे आणि त्याची प्रत फाइलला लागणार आहे. म्हणजे शब्द कळायच्या आधी त्या ओळीने तुम्हाला सांगितलं की बाब वरपर्यंत गेली आहे. उत्तर एकट्याने पाठवू नका, मॅनेजरला दाखवा.

'झान्तेइ ताइओ' म्हणजे आत्तापुरता तोडगा. 'कोक्यू ताइओ' म्हणजे मुळातून दुरुस्ती. 'योको तेन्काइ' हा कारखान्यांतून आलेला कामकाजी शब्द: हाच दोष दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, दुसऱ्या प्रकल्पात आहे का ते शोधून तिथेही दुरुस्त करणं. 'उमु' म्हणजे आहे की नाही. थोडक्यात, त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत आणि तिन्हींची वेगवेगळी उत्तरं हवी आहेत. आपली मंडळी पहिल्याचं उत्तर सविस्तर देतात, दुसऱ्याला 'बघतोय' म्हणतात आणि तिसरा प्रश्न वाचतच नाहीत. मग पुढची मेल आणखी औपचारिक येते.

'गोसाशू कुदासाइ' म्हणजे तपासून ठेवून घ्या. सोबत काही जोडलेलं असेल तरच लिहायचं. नुसत्या मजकुराला 'गो-काकुनिन कुदासाइ'.

आता मूळ प्रश्न. औपचारिक शब्द एकटा राहत नाही, त्याचं क्रियापद ठरलेलं असतं. 'सोचि' म्हणजे उपाययोजना हे पाठ केलंत आणि पुढे 'सुरु' (जपानीत 'करणे') लावलंत तर अर्थ पोचतो, पण कानाला खडा लागतो. सोचि 'तोरु' करतात, आणि पत्र वरच्या पायरीचं असेल तर 'कोजिरु' करतात. शिशो म्हणजे अडथळा, तो 'कितासु' होतो. नान्शोकु म्हणजे नाराजी, ती 'शिमेसु' करतात, म्हणजे दाखवतात. कुगेन, कडू पण हिताचे बोल, ते 'तेइसुरु'. आक्षेप म्हणजे इगि, तो 'तोनाएरु'. शब्दपत्त्याच्या (फ्लॅशकार्डच्या) एका बाजूला 'शिशो = अडथळा' लिहून घोकणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. त्यामुळे पत्ता पूर्ण वाक्याचा करा आणि क्रियापदाची जागा मोकळी सोडा. आन्की या शब्दपत्त्यांच्या अ‍ॅपमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, रोजच्या शब्दाची वरची पायरी शोधायची सवय लावा. क्यो (आज) चा होन्जित्सु, किनो चा साकुजित्सु, आश्ता चा म्योनिचि. साक्कि चा साकिहोदो, आतोदे चा नोचिहोदो, चोत्तो चा शोशो. हाजिमेरु ऐवजी काइशि सुरु, आणि प्रत्यक्ष कामाला हात घातला असेल तर चाकुशु सुरु. मेलमध्ये एका ओळीत होन्जित्सु आणि दुसऱ्या ओळीत साक्कि लिहिलं की सोवळं नेसून पायात स्लिपर घातल्यासारखं दिसतं. तुमची मेल 'शाळकरी' वाटते ती बहुधा यामुळे. शब्द कमी पडत नाहीत, पायऱ्या मिसळतात.

वाक्यं आणायची कुठून? तुमच्याच इनबॉक्समधून. याहून चांगलं पाठ्यपुस्तक मिळणार नाही, कारण तेच लोक, तोच विषय, तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. शंका आली तर जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा 'शोनागोन' नावाचं शोधयंत्र आहे, फुकट. सुमारे १० कोटी शब्दांचा लिखित जपानीचा साठा त्यामागे आहे. 'सोचि ओ' टाका आणि पुढे काय काय येतं ते बघा.

मावळतीचा वारा

वाचनखूण साठवली. ओतेमाची काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका की.

वाकडतोंड्या

लै भारी, पण एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? जपानी सरकारच आता सोपं लिहा म्हणतंय. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत, त्यावरून 'यासाशी निहोन्गो' सुरू झालं, म्हणजे सोपी जपानी. हिरोसाकी विद्यापीठातल्या लोकांनी त्यावर काम केलं. 'योशिन' म्हणायच्या ऐवजी 'नंतर येणारा भूकंप' म्हणा, असलं. २०२० ला सरकारी मार्गदर्शिका पण आली. आपल्याकडं पण 'उपरोक्त विषयास अनुसरून सदर प्रकरणी' वाचून कुणाला काय कळतं सांगा? तिकडं पण तेच. भपका सगळा.

ओतेमाची रिटर्न

वाकडतोंड्या, माहिती बरोबर, निष्कर्ष चुकीचा. यासाशी निहोन्गो हे लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी करायचं असतं. नगरपालिका तुमच्यासाठी सोपं लिहील. तुमचा क्लायंट तुम्हाला पैसे देतो, तो का सोपं लिहील?

सरकारी लेखनाबद्दल मात्र भर घालतो. सरकारी मजकूर कसा लिहावा याचे १९५२ चे नियम होते, ते जाऊन २०२२ च्या जानेवारीत नवे आले आणि त्यात वाचणाऱ्याला कळेल असं लिहिण्यावर भर आहे. बदल होतोय. पण म्हणून जुनी पत्रं, करार, कायदे नाहीसे झालेले नाहीत.

निशिगंध

मी निशि-कासाइला राहते. इथे मराठी घरं भरपूर, गणपतीही जोरात. नोकरी करत नाही, तरी मला हे शब्द तुमच्याइतकेच लागतात म्हणून लिहिते.

मुलाच्या शाळेचं पत्र येतं. विषय काय, तर शुक्रवारी पोहण्याचा तास आहे, टोपी पाठवा. पण सुरुवात: 'शिन्र्योकु नो को, होगोशा नो मिनासामा नि ओकारेमाश्तेवा...', म्हणजे नव्या पालवीच्या या दिवसांत आपण सर्व पालक कुशल असाल. मग दोन ओळी आभार. टोपी तिसऱ्या परिच्छेदात. माझ्या आजोबांच्या पत्रात 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असायचं, आणि 'विशेष'नंतर खरं पत्र सुरू व्हायचं, अगदी तसंच. हे एकदा लक्षात आलं की वरचा मायना वाचत बसायचा नाही, 'साते' किंवा 'त्सुकिमाश्तेवा' शोधायचं. खरा मजकूर तिथून पुढे.

पत्रातले शब्द मोजके आहेत. जिसान म्हणजे सोबत आणणे, चाकुयो म्हणजे अंगात घालणे, गेन्शु म्हणजे कडक पाळणे (वेळेच्या पुढे हमखास येतो), गाइतोशा म्हणजे ज्यांना लागू आहे ते. गाइतो हा शब्द आला की आधी ठरवा आपण त्यात बसतो का. अर्धी पत्रं तिथेच बाजूला ठेवता येतात.

वॉर्ड ऑफिसची पाकिटं वेगळी. तिथे नोफु (भरणा), किगेन (मुदत), कोजो (वजावट), फुयो (ज्यांना पोसतो ते). आणि 'तोकुसोकुजो' दिसलं तर पाकीट त्याच दिवशी उघडा, पैसे थकल्याची सूचना असते ती. माझ्या ओळखीत एकीने जाहिरात समजून टाकून दिलं होतं.

शब्द पाठ करायचे म्हणून मी कधीच केले नाहीत. पत्राचा फोटो काढते, अडलेल्या शब्दाभोवती गोल करते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच पत्र जवळपास तसंच येतं. जपानी शाळेइतकी उजळणी कोणी करून घेत नाही.

कासवछाप

निशिगंध ताई, हे मस्त. पण ताई, टोपीचं पत्र वाचायला एन-वन लागते हे ऐकून आमच्या वर्गातली अर्धी मुलं जर्मनकडे वळतील.

सोनटक्का

मी पुण्यात शिकवते, त्यामुळे वर्गात काय अडतं ते सांगते.

ज्याला आपण 'औपचारिक' म्हणतोय ते बहुतेक कांगो आहेत, म्हणजे चिनी उच्चारांवर बांधलेले शब्द. मूळ जपानी ते वागो, इंग्रजीवगैरेतून आलेले ते गाइराइगो. मराठीत तत्सम शब्द वापरले की भाषा वर चढते, जपानीत कांगो वापरले की चढते. 'सुरुवात करणे' आणि 'प्रारंभ करणे' यांतलं अंतर आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही. ही आपली जमेची बाजू आहे आणि आपण ती वापरतच नाही. मुलं कांगो शब्द इंग्रजीत पाठ करतात. 'झेसेइ' समोर 'करेक्शन' लिहितात, 'शूसेइ' समोरही 'करेक्शन', 'तेइसेइ' समोरही तेच. मग तीन शब्दांचा गोळा. झेसेइ म्हणजे चुकीची पद्धत किंवा स्थिती मार्गावर आणणं, तेइसेइ म्हणजे लिहिण्याबोलण्यातली चूक दुरुस्त करणं, शूसेइ म्हणजे फेरफार करून ठीक करणं, ज्यात प्रोग्रॅममधली दुरुस्तीही आली. मराठीत एक ओळ लिहा, फरक राहील.

नकाराचे चार उपसर्ग आधी पक्के करा: फु, मु, हि, मि. फुगुआइ (नीट न चालणं, तुमच्या भाषेत बग), मुको (रद्दबातल), हिकोकाइ (जाहीर नसलेलं), मितेइ (अजून न ठरलेलं). यातला 'मि' सगळ्यात कामाचा. 'मि' म्हणजे 'अजून नाही', व्हायचं बाकी आहे. मिनो म्हणजे भरायचे राहिलेले, मिकाइकेत्सु म्हणजे न सुटलेला प्रश्न. अहवालात 'मि' असलेले शब्द मोजा, किती काम उरलंय ते कळतं.

दुसरी अडचण सारख्या उच्चारांची. देवनागरीत तर ती दुप्पट होते. 'होशो' तीन आहेत: वस्तूची हमी, हक्काचं किंवा सुरक्षेचं संरक्षण, आणि नुकसानभरपाई. उच्चार एक, कांजी वेगळ्या, आणि करारात एकाच पानावर तिन्ही येऊ शकतात. 'त्सुइक्यू' तीन: ध्येयाचा पाठलाग, जबाबदारीचा जाब, ज्ञानाचा शोध. हे कानाने शिकता येत नाहीत, डोळ्यांनीच शिकावे लागतात. जपानी माणसांनाही अडतं. 'किशा' म्हणजे समोरच्याची कंपनी, आदराने, पण वार्ताहरही किशा, आगगाडीही किशा, ऑफिसला परतणंही किशा. म्हणून लिहिताना किशा आणि बोलताना ओन्शा, अशी वाटणी झाली असं सांगतात. मुलाखतीत 'किशा' म्हणू नका. स्वतःची ती हेइशा.

वाचनाच्या चुका हा तर स्वतंत्र धागा होईल. सोसाइ (वजावट करून हिशेब मिटवणं) ला सोसात्सु, दाइताइ ला दाइगाए, सुइतो (रोख जमाखर्च) ला काहीही. २००८ मध्ये पंतप्रधान तारो आसो यांनी 'मिझो' चं 'मिझोयू' आणि 'तोशू' चं 'फुशू' वाचलं, पेपरांनी महिनाभर खाल्लं त्यांना. २०१७ मध्ये शिंझो आबे संसदेत 'उन्नुन' ला 'देन्देन' म्हणाले. तेव्हा मुलांनो, लाजू नका, पण तपासा.

अवांतर: मिझो म्हणजे पूर्वी कधी न घडलेलं. हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरातून आला आणि तिथे तो 'अद्भुत' साठी घडवला होता. सेत्सुना (क्षण) आणि नाराकु (नरक) हे तर आवाजासकट आपले. वर्गात सांगितलं की मुलं खूश होतात. पण असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्या भरवशावर एन-वन होत नाही.

मावळतीचा वारा

सोनटक्का ताई, एक शंका. 'क्यो' आणि 'केइ' एकाच कांजीचे दोन उच्चार कसे? ओक्यो म्हणजे सूत्रपाठ, आणि केइझाइ म्हणजे अर्थव्यवस्था.

सोनटक्का

चिनी उच्चार जपानात वेगवेगळ्या काळी आले. आधी आले ते गो-ओन, बौद्ध धर्माबरोबर मुरले. नंतर चीनमधल्या थांग राजवटीच्या काळात राजदूत आणि विद्यार्थी तिथल्या राजधानीहून, छांगआनहून घेऊन आले ते कान-ओन. त्यामुळे देवळातला शब्द असेल तर गो-ओनची शक्यता जास्त, राज्यकारभार आणि विद्येचा असेल तर कान-ओनची. अपवाद ढीगभर. पण नवा शब्द समोर आला की पहिला अंदाज बरा लागतो.

वकिली कावळा

उशिरा आलो. मी करारांची भाषांतरं करतो. औपचारिक जपानीचं टोक बघायचं असेल तर करार आणि कायदे बघा. घाबरू नका, कवितेपेक्षा सोपे असतात, कारण शब्दाला एकच अर्थ ठरवून दिलेला असतो.

उदाहरण घ्या. 'लगेच' साठी कायद्यात तीन शब्द आहेत. तादाचिनि म्हणजे एक क्षणही न दवडता. सुमियाकानि म्हणजे शक्य तितक्या लवकर. चिताइनाकु म्हणजे विनाविलंब, पण सबळ कारण असेल तर उशीर चालतो. शब्दकोशात तिघांसमोर जवळपास एकच अर्थ दिसेल. करारात 'डेटा फुटल्यास तादाचिनि कळवावे' आहे की 'चिताइनाकु', यावर रात्री दोनला उठायचं की सकाळी दहाला, ते ठरतं.

'आणि' दोन, 'किंवा' दोन. एकाच पातळीवरचे 'आणि' असतील तर ओयोबि. गटांचे गट असतील तर आतल्या छोट्या गटात ओयोबि आणि बाहेरच्या मोठ्या जोडणीला नाराबिनि. 'किंवा' मध्ये उलटं: साधा असेल तर माताव़ा, आणि पातळ्या असतील तर मोठ्या फांदीला माताव़ा, आतल्या छोट्याला मोशिकुवा. म्हणजे आणि-वाला साधा शब्द आत जातो, किंवा-वाला साधा शब्द बाहेर राहतो. कागदावर कंस काढून बघा, एकदा बसलं की कलमं घडाघडा वाचता येतात. गणितात ज्यांचं डोकं चालतं त्यांनी हे आवर्जून करावं.

झेन-इ आणि अकुइ: रोजच्या भाषेत सद्भाव आणि दुष्ट हेतू. कायद्यात तसं काही नाही. एखादी गोष्ट माहीत नसणारा तो झेन-इ, माहीत असणारा तो अकुइ. 'अकुइ नो' तिसऱ्या पक्षाला बदमाश म्हणून भाषांतर करणारे महाभाग मी पाहिलेत.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी खास. जुन्या करारांत 'काशि तान्पो सेकिनिन' असायचं, कामातल्या दोषाची जबाबदारी. 'काशि' ऐकून मिठाई आठवते, ती वेगळी. १ एप्रिल २०२० पासून सुधारित नागरी संहिता लागू झाली आणि तिथे 'केइयाकु फुतेकिगो सेकिनिन' आलं, म्हणजे कराराशी न जुळल्याची जबाबदारी. नुसतं नाव बदललेलं नाही. काम करून देण्याच्या करारात पूर्वी काम हाती दिल्यापासून एक वर्ष मोजायचे, आता समोरच्याला उणीव कळल्यापासून एका वर्षात त्याने कळवायचं असतं. करारात वेगळं ठरवता येतं, आणि बहुतेक जण ठरवतात. त्यामुळे जुना साचा उचलून 'काशि' तसंच ठेवलेला मसुदा आला तर विचारा की बाबा, नेमकं काय अभिप्रेत आहे.

वाचायला साहित्य फुकट आहे. जपानचे सगळे कायदे सरकारच्या ई-गव्ह संकेतस्थळावर आहेत. नागरी संहितेची जुनी काताकाना लिपीतली भाषा २००५ पासून आधुनिक केली आहे, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला ती वाचता येते.

वाकडतोंड्या

कावळे साहेब, हे पटलं बघा. तीन 'लगेच' आपल्या मॅनेजरला पण शिकवा. त्याचे सगळे तादाचिनि.

चिंचेचं पान

सगळ्यांचे आभार, सोन्यासारखे प्रतिसाद आलेत. ओतेमाची काकांनी सांगितलं तसं मेलमधून वाक्यं काढायला घेतली. मोठी गंमत म्हणजे तेच तेच शब्द येतात, मला वाटत होतं समुद्र आहे.

आता लिहिण्याचं. भीतीपोटी मी प्रत्येक क्रियापदाला 'सासेते इतादाकु' (आपल्या परवानगीने करतो, अशा अर्थाची नम्र जोड) लावतो. 'हाइकेन सासेते इतादाकिमाश्ता', 'सोउशिन सासेते इतादाकिमास'. हे ठीक आहे ना? नम्र तर वाटतं.

सोनटक्का

नाही, हा अतिरेक आहे. हाइकेन (पाहणे) हाच मुळात नम्र शब्द, 'हाइकेन शिमाश्ता' एवढं पुरतं. जपानी लोकही हे सर्रास करतात आणि जपानी लोकच त्यावर वैतागतात.

२००७ मध्ये सांस्कृतिक व्यवहार परिषदेने आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, 'केइगो नो शिशिन'. शाळेत शिकवतात त्या तीन प्रकारांचे तिथे पाच केले. त्यात 'सासेते इतादाकु' बद्दल साधारण असं आहे की समोरच्याची परवानगी घेऊन आपण काही करतोय आणि त्यातून आपल्याला लाभ होतोय, या दोन गोष्टी असतील तिथे ते शोभतं. 'तुमच्या सभागृहाचा फोटो काढू देता' इथे शोभतं. 'मी मेल पाठवली' यात कसली परवानगी? 'ओओकुरि शिमास' लिहा.

वकिली कावळा

ताईंशी थोडा असहमत. मार्गदर्शिकेत काहीही असो, आज ऑफिसांत ते वाक्याच्या शेवटी घालायचं तोरण झालंय. नवख्या परदेशी माणसाने एखादं जास्त वापरलं तर कोणी रागावत नाही, कमी वापरलं तर मात्र लक्षात येतं.

ओतेमाची रिटर्न

दोघेही बरोबर. माझा नियम: एका मेलमध्ये एकदा. आणि ज्यांचा धोका खरा आहे ते शब्द वेगळेच आहेत. 'समजलं' म्हणायला वरिष्ठाला किंवा क्लायंटला 'र्योकाइ शिमाश्ता' नको, 'शोचि शिमाश्ता' किंवा 'काशिकोमारिमाश्ता'. माहिती विचारताना 'गोक्योजि', 'गोक्योजु' नव्हे. गोक्योजु म्हणजे गुरूकडून दीर्घकाळ विद्या घेणं. सर्व्हरचा पोर्ट क्रमांक विचारायला गुरुकुल नको. 'काकुइ' (सर्व संबंधितांना) च्या पुढे 'सामा' नको, आदर त्यात आधीच आहे.

कासवछाप

परीक्षेवर परत येतो. चिंचेचं पान, कामापुरतं मोजायचं असेल तर एन-वनपेक्षा बी.जे.टी., म्हणजे कामकाजी जपानीची परीक्षा, बघा. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाही, ० ते ८०० गुण, ६०० च्या वर वरची श्रेणी. मेल, तक्ते, बैठका, सगळं कचेरीतलं. यादी घोटा म्हणालो होतो ते डिसेंबरसाठी कायम आहे, पण पत्त्यांवर वाक्यंच लिहा, हे पटलं.

निशिगंध

आणि ऐकायचंही बघा. संध्याकाळच्या बातम्यांत कोणीतरी रांगेत उभं राहून वाकून माफी मागत असतं. 'माकोतोनि इकान' (अत्यंत खेदजनक), 'साइहात्सु बोशि' (पुन्हा घडू नये याची तजवीज), 'शिन्शि नि उकेतोमे' (गांभीर्याने घेऊन). शब्द तेच, माणसं वेगळी. इथे स्वयंपाक करता करता माझे निम्मे शब्द झाले.

चिंचेचं पान

एक शेवटचं. क्लायंटला एक सवलत मागितली होती, उत्तर आलंय: 'माएमुकिनि केन्तो इताशिमास'. सकारात्मक विचार करू. म्हणजे झालं ना काम? मॅनेजर पेढे मागतोय.

ओतेमाची रिटर्न

पेढे थांबवा. 'केन्तो' म्हणजे विचार, आणि 'माएमुकि' ने त्याला नुसतं हसरं केलंय. 'झेन्शो शिमास' (योग्य ते करू) आलं असतं तर मी आशाच सोडायला सांगितली असती, इथे निदान दार लोटलेलं आहे. गुरुवारपर्यंत वाट बघा आणि मग हे पाठवा: 'इत्सुगोरो गोकाइतो इतादाकेसो का, गोक्योजि इतादाकेमास तो साइवाइ देस.' साधारण कधी उत्तर मिळू शकेल ते कळवल्यास आनंद होईल. तारीख आली तर पेढे. पुन्हा 'केन्तो' आलं तर पर्यायी योजनेवर चाकुशु करा.